पोटरीतली ज्वारी आणि घरातली लेकरं

(शताब्दी सप्ताहात दुपारच्या पंगतीनंतर मंडपात झालेले बोलणे)



दिंडीला शंभर वर्षं झाली. जुन्या विणेकऱ्यांवर बोला, पहिल्या दिंडीचालकांवर बोला, असं बऱ्याच जणांनी आम्हाला सुचवलं. त्यांच्यावर बोलायला आमच्यापेक्षा जाणती माणसं इथं बसली आहेत. आम्ही आज दुसरा विषय धरलाय. मंडपाच्या मागच्या अंगाला ही जी बारा ते अठरा वर्षांची पोरंपोरी बसली आहेत, त्यांच्या पोटाचा विषय. पोरं म्हणतील, बाबा आता आपल्यावर ओरडणार. नाही ओरडत. आम्हाला तुमच्या आईबापांशी बोलायचंय. तुम्ही नुसतं ऐका.

एक आधीच सांगून ठेवतो. आमची शाळा चौथीपर्यंत. रक्ताचं, गोळ्यांचं जे पुढं सांगू ते आमच्या पदरचं नाही. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाई आणि हायस्कुलातले विज्ञानाचे सर यांना तीन-तीनदा विचारून घेतलंय. गीता-ज्ञानेश्वरीतलं आणि शेतातलं जे सांगू, ते मात्र आमच्या धंद्यातलं.

तर शेतातूनच सुरुवात करू. रब्बीची ज्वारी तुम्ही सगळे करता. पेरल्यापासून पन्नास-पंचावन्न दिवस झाले की ज्वारी पोटरीत येते. कणीस अजून डोळ्यांना दिसत नाही, पण पानाच्या पोटात ते धरलेलं असतं. त्या वेळी पाणी मिळालं तर दाणा भरतो. ते पाणी चुकलं आणि कणीस बाहेर पडल्यावर तुम्ही विहीर उपसून पाणी पाजलं, तरी जे गेलं ते येत नाही. ताट उभं दिसतं, हिरवं दिसतं, पण मळणीला पोतं भरत नाही.

लेकरू अकरा-बारा वर्षांचं झालं की पोटरीत आलं म्हणा. मुलीचं हे आधी सुरू होतं, मुलाचं वर्ष-दोन वर्षं मागून. बाहेरून काय दिसतं? हातपाय लांबले, आवाज फुटला, तोंडावर पुटकुळ्या आल्या, उलट बोलायला लागलं. आतमध्ये मात्र हाड भरत असतं, रक्त वाढत असतं, मुलीचा देह आई होण्याच्या तयारीला लागलेला असतो. या सात-आठ वर्षांत जे भरलं, त्याच्यावर पुढची पन्नास वर्षं काम करायचं, संसार करायचा, आळंदी ते पंढरी चालायचं. आणि नेमकं याच वयात आपण म्हणतो, आता मोठं झालंय, त्याच्या हातानं घेईल खायला. अंगावरच्या लेकराला घास भरवायला आजी, आत्या, मावशी सगळ्या असतात. तेराव्या वर्षी त्याच्या ताटात काय आहे हे बघायला घरात कोणी नसतं.

भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला योग सांगितला. तिथं साफ म्हटलंय की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. झोपेचंही तसंच, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत बसणाऱ्यालाही नाही. माउलींनी त्यावर टीका केली ती रानातल्या साधूसाठी ठेवली नाही, मराठीत आणून आपल्या दारात ठेवली. सतराव्या अध्यायात तर अन्नाचे प्रकारच सांगितलेत. अति खारट, अति तिखट, जाळणारं ते राजस. शिळं, रस गेलेलं ते तामस. आता दुकानात दोरीला पाच रुपयांचे पुडे लटकलेले असतात, ते तुम्हीच यात बसवून बघा. खारट आहे, तिखट आहे, आणि पुडीत भरून किती महिने झाले ते मागच्या बाजूला छापलेलं आहे. आम्ही काय वेगळं सांगायचं?

आता रक्ताचं बोलू, आज खरं बोलायचं ते हेच आहे.

सरकारनं २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघर पाहणी केली, बोटाला टोचून रक्त बघितलं. १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींचं रक्त कमी निघालं. त्याच वयाच्या मुलांत शंभरात ३१. म्हणजे या मंडपात दहा मुली बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा अशा असायच्या, आणि आपल्याला वाटतं सगळ्या ठणठणीत आहेत. सिस्टरबाई म्हणाल्या, या वयाच्या मुलीचं रक्त १२ च्या वर पाहिजे. त्याच्या खाली गेलं की कमी, ८ च्या खाली गेलं की फारच कमी, मग नुसत्या खाण्यानं भागत नाही.

हे ओळखायचं कसं? पापणी खाली ओढून बघा, आतली कड लाल पाहिजे, ती पांढुरकी दिसते. जिना चढली की दम लागतो. सारखी झोप येते, चिडचिड होते, पुस्तक घेऊन बसते पण डोक्यात शिरत नाही. आणि एक खूण आपल्या बायांना माहीत आहे, पण त्या तिला खोड समजतात. मुलगी पाटीची पेन्सिल खाते, भिंतीची माती खरवडून खाते, कच्चे तांदूळ चघळते. तिला मारतात. मारू नका, सुईनं रक्त तपासून घ्या. रक्त कमी झालं की पुष्कळदा अशी इच्छा होते.

दिवे घाटातली गोष्ट इथं बसलेल्यांपैकी काहींनी डोळ्यांनी पाहिली आहे. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस योगिनी एकादशीचा. साऱ्या वाटेतली ही लांब मजल, ३० किलोमीटरच्या आसपास, आणि चालून चालून पाय मोडल्यावर पुढं घाट. आपल्या दिंडीत दहावीतली एक मुलगी होती. डोक्यावर तुळस, तोंडात नाम, हसत चाललेली. दुसऱ्या वळणावर ती उभ्या उभ्या खाली बसली आणि मग आडवीच झाली. बायांनी तुळस झेलली म्हणून वृंदावन फुटलं नाही. कांदा हुंगवला, पाणी मारलं, कोणी म्हणालं दृष्ट लागली. आरोग्य खात्याची गाडी घाटात उभी होती, त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं. सासवडला रक्त तपासलं तर ७.४.

आम्ही तिच्या आईला विचारलं, आज काय खाल्लं होतं पोरीनं? पहाटे चहा. हडपसरला बशीभर साबुदाण्याची खिचडी. पुन्हा चहा. उपवासाच्या वेफरचा एक पुडा. पुन्हा चहा. आई म्हणाली, लहानपणापासून नाजूकच आहे हो. नाजूक कसली माउली, तिच्या अंगात रक्तच नव्हतं. गावी आल्यावर चार महिने गोळ्या चालल्या, ताट बदललं, रक्त ११ वर गेलं. पुढच्या वर्षी तिनं घाट चढला आणि वर गेल्यावर आमच्या आधी फुगडी धरली.

आता म्हातारी माणसं आमच्याकडं रागानं बघायला लागली. बुवा, एकादशी सोडायला सांगता काय? नाही सांगत. आमच्या गळ्यात माळ आहे. एकादशी आणि पंढरीची वारी या दोन गोष्टींवर आपला संप्रदाय उभा आहे. पण दुखणाईत माणूस, बाळंतीण, तान्हं लेकरू, थकलेला म्हातारा यांना आपल्या वाडवडिलांनी सूट मानलेलीच आहे. रक्त ७ वर आलेली मुलगी दुखणाईत नाही तर कोण आहे? तिचं रक्त भरेपर्यंत तिनं एकादशीला दोन वेळा पोटभर फराळ करावा, डॉक्टरांनी सांगितलं तर भाकरीही खावी. विठोबा रुसणार नाही. बाकीच्यांनी उपवास करावा, पण त्या दिवशी पोटात काय घालतो ते बघावं.

त्या साबुदाण्याची एकदा चौकशी करा. तो झाडाला लागत नाही. एक कंद असतो, तो किसून, धुऊन, त्याचा खाली बसलेला साका घेतात आणि त्याच्या गोळ्या वळतात. बहुतेक कारखाने तमिळनाडूत सेलमकडं. त्यात नुसतं पीठूळ, दुसरं जवळपास काही नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, रक्ताला त्याचा उपयोग नाही. आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज लोकांनी इकडं आणलेला. माउलींनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली. तेव्हा या मुलखात साबुदाणा नव्हता, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता, हिरवी मिरचीसुद्धा नव्हती. खिचडीतलं राहिलं काय मग? जिरं आणि तूप! तेव्हा माउलींच्या नावानं साबुदाणा मागू नका. शेंगदाणा उशिरा आला पण चांगला आला, त्याला ठेवू. भगर आणि दाण्याची आमटी करा. राजगिऱ्याचा लाडू द्या, राजगिऱ्यात लोह चांगलं असतं. दूध द्या, ताक द्या, केळं द्या. एवढं करूनही एकादशी एकादशीच राहते.

दुधाचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपल्या गावात पहाटे डेअरीवर किटल्यांची रांग लागते. घरात दोन गाई, वीस लिटर दूध, आणि पोरगं शाळेला जातं ते कोऱ्यासारख्या चहात बटर बुडवून. का, तर फॅटला दर आहे. घर चालवायला दूध विकावं लागतं हे आम्हाला कळतं, आम्हीही विकतो. पण तेच दूध देणाऱ्या जनावराचं आपण काय करतो बघा. कालवड वाढीला लागली की तिला पेंड मोजून, भरडा मोजून, क्षाराचं मिश्रण मोजून. डॉक्टर सांगतो, हिचा खुराक आत्ता कमी पडला तर वेळेवर माजावर येणार नाही, गाभण राहिली तरी वासरू दुबळं. लगेच खिशात हात घालतो आपण. मुलीची कालवडीशी बरोबरी केली म्हणून बायांनी रागावू नये. बरोबरी केली तर मुलीचं भलंच होईल, अशी आपल्या काही घरांची परिस्थिती आहे. वीस लिटरातलं अर्धा लिटर दूध लेकरांसाठी मागं ठेवा. माळकऱ्याच्या घरात अंडं-मटण नाही, त्यामुळं दूध, ताक आणि डाळ यांना आपल्याकडं जास्त मान पाहिजे.

आणि ताटात काय? फार महागाचं काही नको. बाजरीची भाकरी, ज्वारीची भाकरी, त्याच्याबरोबर डाळीचं घट्ट कालवण. हुलग्याचं माडगं, शेंगोळ्या. मटकीला मोड आणून उसळ, मोड आणले की तिच्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. तिळाची चटणी, कारळ्याची चटणी. अळीव आपण बाळंतिणीला देतो, वयात आलेल्या मुलीलाही द्यावेत. पालेभाजी म्हणाल तर तांदुळजा, माठ, घोळ, चाकवत, पाथरी. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवतात ती भाजी. यातल्या निम्म्या भाज्या बांधावर फुकट उगवायच्या, आता आपण त्यांच्यावर तणनाशक मारतो आणि बाजारातून कोबी आणतो. भाजी लोखंडी कढईत करा, तिचंही लोह थोडं उतरतं. ताटावर लिंबू पिळा. लिंबू, आवळा, पेरू असं आंबट काही बरोबर असलं की भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागतं.

आणि चहा जेवणापासून लांब ठेवा. चहातला तुरटपणा पोटात लोहाला धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. आपल्याकडं सकाळी चहाबरोबर भाकरी खातात, दुपारी जेवलं की वर चहा. म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं उपटायचं. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा नको, एवढं सोपं आहे. चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही, तसं म्हटलं तर ही निम्मी दिंडी फुटेल.

हायस्कुलात आठवड्याला एक निळी गोळी देतात. ती लोहाची. फुकट आहे. तिच्याबद्दल गावात काय काय उठलंय ते आमच्या कानावर आलंय. कोणी म्हणतं मुलं होऊ नयेत म्हणून देतात, कोणी म्हणतं अंगात उष्णता होते. पोरी गोळी घेतात आणि खिडकीतून टाकतात. माउली, ती गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, जेवल्यावर घेतली तर बहुतेक त्रास होत नाही. शौचाला काळं होतं, ते लोहाचं असतं, त्याला भ्यायचं नाही. मुलं न होण्याचं म्हणाल तर उलट आहे. अंगात रक्त नसलेल्या मुलीचं बाळंतपण जड जातं, मूलही हलकं जन्मतं. त्यात अठरा भरायच्या आत लग्न उरकून टाकणारी घरं आपल्या तालुक्यात अजून आहेत. ज्या पोरीचं स्वतःचं हाड भरलेलं नाही, तिच्या पोटात दुसरा जीव घालायचा. कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे, आम्ही नुसतं पोटरीतल्या ज्वारीची आठवण करून देतो.

फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी देतात, तीही चुकवू नका. एक जंत असा असतो की घाणीच्या जागेवर उघड्या पायानं गेलं की तळव्यातून अंगात शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. लेकरू कितीही खाऊ द्या, त्याच्या वाट्याचं तो खातो. अनवाणी वारीचा नवस मोठ्यांनी करावा. लेकरांच्या पायात चपला असाव्यात, आणि मुक्कामावर सगळ्यांनी संडासात जावं, रानात बसू नये.

मुलींचं अजून एक सांगायचंय. पुरुषांनी खाली बघायचं कारण नाही. वारी जवळ आली की गावातल्या मेडिकलमध्ये पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या खपतात. कोणाच्या सल्ल्यानं? कोणाच्याच नाही, शेजारणीनं घेतली म्हणून. पंधरा वर्षांच्या पोरीला आई ती गोळी देते, का तर वाटेत अडचण नको, तुळशीला हात लागायला नको. चोखोबांच्या घरच्या सोयराबाई, चौदाव्या शतकातल्या. विटाळ विटाळ म्हणता तो देहात कुठं नाही, असं विचारणारा त्यांचा अभंग आपण टाळावर म्हणतो, माना डोलावतो, आणि घरी येऊन पोरीला गोळी देतो. आमच्या फडावर त्या दिवसांतल्या मुलीनं चालावं, भजनात उभं राहावं, थकली तर गाडीत बसावं. तिला कोणी विचारायचं नाही. दर महिन्याला अंगातून रक्त जातं, म्हणून तर तिला भावापेक्षा जास्त लोह लागतं. आणि घरी होतं काय? आधी बाप जेवतो, मग भाऊ, मग आई आणि मुलगी मिळून कढईला लागलेलं पुसून खातात. दिंडीच्या पंगतीत असं नसतं. तिथं पाटलाला आणि गड्याला, बाईला आणि बुवाला एकच वाढप. वर्षातले अठरा-वीस दिवस जे आपण वाटेवर करतो ते घरच्या चुलीपुढं करायला काय अडतंय?

नामदेवरायांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. लहान होते, वडिलांनी नैवेद्य घेऊन देवळात पाठवलं. देव जेवत नाही म्हणून हट्ट धरून बसले, आणि देवाला जेवायला लावलं. ते लेकरू देवाच्या तोंडाकडं बघत बसलं, घास गेला का नाही म्हणून. आपल्या पोरीच्या तोंडाकडं असं कोणी बघत बसतं का?

आता मुलांकडं वळू. पोरं खूष झाली होती, बायकांचा विषय चाललाय म्हणून.

आम्ही संध्याकाळी देवळात पोरांना टाळ-पखवाज आणि म्हणणं शिकवतो. म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं. आ लावा म्हटलं की आम्हाला कळतं कोण काय खातं ते. बारावीतला एक मुलगा होता, आवाज असा की पहाटे काकड्याला त्याचा आवाज ऐकून गल्ली जागी व्हायची. हळूहळू त्याचा आवाज दबायला लागला. आम्हाला वाटलं आवाज फुटतोय. मग एक दिवस त्याला म्हटलं, तोंडात तुझी तीन बोटं उभी घालून दाखव. दोनच गेली, तीही ओढून. गालाच्या आत हात लावला तर चामड्यासारखं घट्ट. आठवीपासून पुडी खात होता. त्याला तिखट लागलं की आग व्हायची, भाकरी चावता यायची नाही, घरी चहात भाकरी बुडवून खायचा, आणि आई म्हणायची पोरगं जेवत नाही. ज्याचं तोंडच उघडत नाही त्याच्या अंगात अन्न जाणार कुठून? दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुडी सुटली तर निदान आहे तिथं थांबेल, नाही सुटली तर कॅन्सरची वाट. त्यानं सोडली आहे. तोंड अजून अडीच बोटंच उघडतं. तो आता पखवाज वाजवतो, म्हणत नाही.

गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्या पोराला कुठंच विकायची नाही, हा कायदा त्याच्याही आधीचा, २००३ चा. आणि आपल्या शाळेच्या फाटकासमोर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण दुकानदाराला शिव्या देऊन मोकळं होता येत नाही. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन झाडाखाली चुना मळणारे टाळकरी आमच्या डोळ्यांसमोर आहेत. बाया पहाटे मिश्री लावतात आणि पोरगी शेजारी बसून तेच बोट दाताला लावते. ज्यांना पटतंय त्यांनी माना हलवू नका, लोकांना कळेल.

दुसरी पोरं आहेत ती पोलीस भरतीची. चांगली पोरं आहेत, पहाटे चारला रस्त्यावर पळतात. भरतीला १६०० मीटर पळायचं असतं. उपाशीपोटी पळतात आणि आल्यावर वीस रुपयांची ती ताकदीची बाटली पितात. तिच्यात साखर आणि चहा-कॉफीत असतं तेच उत्तेजक. लहान मुलांसाठी नाही, असं बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलंच असतं. त्याच वीस रुपयांत मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि दोन केळी येतात. भिजवलेले हरभरे तर घरचेच. हे त्यांना कळत नाही असं नाही, पण शेंगदाण्याची जाहिरात कोणी करत नाही.

झोपेचं थोडक्यात सांगतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं सर म्हणाले. आपली पोरं बारा-एकपर्यंत पांघरुणात मोबाइल धरून असतात, सकाळी उठवत नाही, उशीर झाला म्हणून उपाशी शाळेत, मधल्या सुट्टीत पुडा. एकात एक अडकलेलं आहे सगळं. मोबाइल रात्री साडेनऊला देवघराच्या फळीवर ठेवायचा, बापाचासुद्धा. बापाचा ठेवला तरच पोराचा राहील.

पंचमंडळींशी बोलून आम्ही पुढच्या वारीसाठी काही ठरवलंय. अठराच्या आतली पोरंपोरी रोज पहिल्या पंगतीत बसतील. दिवे घाटाच्या एकादशीला पुण्यातून निघायच्या आधी प्रत्येकाला दोन राजगिऱ्याचे लाडू आणि पेलाभर दूध, हडपसरला भगर आणि दाण्याची आमटी. साबुदाणा गाडीत चढणार नाही. जेवणावर चहा मिळणार नाही, तासाभरानं मिळेल. पुडी खाणाऱ्याला टाळ मिळणार नाही, मग तो कितीही जुना टाळकरी असो. आणि वारीच्या महिनाभर आधी आपल्या उपकेंद्रात सगळ्या मुलींचं रक्त तपासून घ्यायचं. सिस्टरबाई हो म्हणाल्या आहेत. कमी निघालं तर वारी बंद असं नाही, तिनं गाडीत बसून यावं आणि गोळ्या चालू ठेवाव्यात.

याला सामान लागेल. शेंगदाणे साधारण ४० किलो, गूळ ३० किलो, भगर दोन कट्टे. गूळ आणि शेंगदाणे आपल्यातच निघतील, राजगिरा मात्र विकत आणावा लागेल. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी काल्याच्या कीर्तनाआधी कोठीवर नाव लिहावं. आणि आत्ता मागून कोणीतरी विचारलं, चहा कुठं अडकलाय म्हणून. अडकलेला नाही. तुम्ही आत्ताच जेवून उठलाय, पातेलं आम्हीच तासभर थांबवायला सांगितलंय. तोवर हरिपाठ म्हणू.

रामकृष्णहरी.